गाळ बसेपर्यंत

वाचायला बसण्याआधी एक छोटं काम करा. काचेचा उभा पेला घ्या. अंगणातली, कुंडीतली नाहीतर समोरच्या रिकाम्या प्लॉटवरची दोन चमचे काळी माती त्यात टाका, पाणी भरा, चांगलं ढवळा आणि पेला खिडकीत ठेवून द्या. त्याला आता हात लावायचा नाही.

चमचा बाहेर काढेपर्यंत वाळू तळाशी गेलेली असेल. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण पेल्यातलं 10 सेंटिमीटर अंतर दहा-बारा सेकंदांत उतरतो. चिकणमातीचा कण मात्र फार तर मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो, आणि तेवढंच अंतर उतरायला त्याला निदान 8 तास लागतात. पाणी अगदी स्तब्ध असेल तर. म्हणजे हा लेख संपेल तेव्हाही पेला गढूळच दिसेल. दिसू द्या.

तोवर नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर येऊन बसा, मनाने. संध्याकाळची वेळ आहे, मागे कणसं भाजण्याचा वास आहे, पोरं एकमेकांचे फोटो काढताहेत. पाण्याकडे पाहा. आपण तलावाकडे पाहतो म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या पातळीकडेच पाहतो. पोळ्याच्या सुमारास पाणी काठाला टेकलेलं असतं, मे महिन्यात ते मागे सरकतं आणि भेगाळलेल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर कुत्रं उतरतं, त्याची पावलं उमटतात, पहिल्या पावसात ती बुजतात. नागपूरकराचं तलावाशी असलेलं बोलणं एवढंच: भरला का? ओव्हरफ्लो झाला का?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता. तलावाचं पाणी सांडव्यावरून नाग नदीत आणि नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. माझ्या मावशीचं घर तळमजल्यावर आहे. तिच्या दिवाणखान्यात पाणी कमरेपर्यंत आलं आणि उतरलं, तेव्हा भिंतीवर चारी बाजूंनी एक मातकट रेघ राहिली. पुढे रंगकाम झालं, पण कपाटामागची भिंत तिने तशीच सोडली. रंगाऱ्याला म्हणाली, "राहू दे बाप्पा, पाणी कुठवर आलं होतं ते मला माहीत असलेलं बरं."

त्या रेघेजवळ जरा थांबा. पाणी होतं तेव्हा ते काहीच लिहीत नव्हतं. त्याने अंगावर घेतलेली माती सोडली, आणि नोंद झाली ती त्या मातीची. पाण्याला आठवण नसते असं मी म्हणणार नाही, पण ती ठेवायला त्याला गाळ लागतो.

आता फुटाळ्याच्या पृष्ठभागावरून नजर खाली न्या. हिरवट पाणी, मग अंधार, मग तळ. तळावर या क्षणी काहीतरी पडतं आहे. तेलंगखेडीच्या उतारावरून आलेली माती, कुजलेलं पान, गवताचे परागकण, चुलीची राख, एखाद्या शेवाळाचं काचेसारखं कवच. सगळं न मोजता, न निवडता पडतं. पावसाळ्यात जाड कण, हिवाळ्यात बारीक. कोणी ढवळलं नाही तर आजचा थर कालच्या थरावर बसतो.

शहरातल्या तलावाला मात्र कोणी ढवळत नाही असं होत नाही. गाळ काढला जातो, मूर्ती बुडवल्या जातात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात गेलं की त्याचं जिप्सम होतं, आणि भूशास्त्राच्या पुस्तकात जिप्सम ही आटत चाललेल्या खाऱ्या पाण्याची खूण मानतात. पाच हजार वर्षांनी कोणी या तळाचा नमुना काढला आणि विसर्जनाची पांढरी पूड त्यात उरलेली असली, तर तो बिचारा लिहील की इथे दरसाल भाद्रपदात भीषण अवर्षण पडत असे. वाचणाऱ्याला आमचा गणपती माहीत असायला हवा.

ज्याच्या गाळाला फारसा कोणी हात लावला नाही असा तलाव शोधायचा तर नागपूर सोडावं लागतं. समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरलं की लोणार जवळच. बुलढाणा जिल्ह्यात बेसाल्टच्या कातळावर एक उल्का येऊन आदळली आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं गोल विवर पडलं. ही घटना 50 हजार वर्षांपूर्वीची असं आपण शाळेत शिकलो. पुढे विवरातल्या वितळलेल्या दगडाचं वय आर्गॉनच्या पद्धतीने काढलं गेलं तेव्हा ते साडेपाच लाख वर्षांच्याही मागे गेलं. खाली उतरणारी वाट झाडीतून जाते. कडेच्या धारेचं गोड पाणी वाहतं, आणि तळाशी ज्यात हात घातला तर बोटं साबणासारखी बुळबुळीत होतात असं खारं, आम्लाच्या उलट गुणाचं पाणी. डल्ला, खुप्पल, पापडी ही इथल्या खारांची जुनी नावं. आइन-इ-अकबरीतही लोणारच्या या खाराचा उल्लेख आहे.

विवराच्या काठावर उभे राहा आणि एकच गोष्ट ध्यानात घ्या. इथे पाणी झऱ्यांनी आणि पावसाने येतं, पण नदी होऊन बाहेर पडत नाही. जायची वाट एकच, वर, वाफ होऊन. म्हणून पाऊस किती आणि ऊन किती याचा हिशेब थेट पातळीत उतरतो, आणि पातळीचा हिशेब तळाच्या गाळात.

2008 साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या तलावाच्या तळातून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. कृती ऐकायला साधी आहे: पाण्यावर तराफा स्थिर करायचा, पोकळ नळी गाळात सरळ खाली दाबायची, आतला चिखल न मोडता वर आणायचा, मग नळी उभी चिरून दोन अर्ध्या भागांत उघडायची. ऊस सोलल्यावर पेरं दिसावीत तसे थर दिसतात. करडा, काळपट, पिवळसर, पुन्हा करडा. या 10 मीटरमध्ये सुमारे साडेअकरा हजार वर्षं होती.

हे आकडे असे वाचून सुटतात, म्हणून स्वतःचा हात पुढे धरा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण 45 सेंटिमीटर. सरासरी धरली तर लोणारच्या गाळात तेवढ्याला जवळपास पाचशे वर्षं लागली. एक वीत म्हणजे अडीचशे. एक बोट आडवं ठेवलं तर वीस-एकवीस वर्षं, एक पिढी. गाळ काही सरकारी वेतनासारखा दरवर्षी सारखा पडत नाही, ओल्या वर्षी जास्त पडतो, वरचा थर सैल असतो आणि खालचा दबलेला. तेव्हा हे माप ढोबळच. पण मनाला धरायला पुरेसं आहे.

आता तुमचं वय बोटांवर मोजा. पन्नाशीचे असाल तर अडीच बोटं. तुमचं बालपण, शाळा, लग्न, आईवडिलांचं जाणं, सगळं अडीच बोटांत. आजोबांचा जन्म साधारण सहा बोटांवर. 1702 मध्ये देवगडच्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं. हे अख्खं शहर एक वीत आणि तीन बोटांच्या गाळात बसतं. हात अजून पुढेच आहे ना? त्याच्या कोपराशी अजून सोळावं शतक आहे, आणि असे एकवीस हात आणखी खाली आहेत.

हे समजल्यावर मला पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं होतं, ते का ते अजून नीट सांगता येत नाही.

या चिखलातून पातळी कशी वाचतात? जमिनीची धूप झाली की काळ्या दगडातले लोहाचे कण तलावात येतात. नमुना चुंबकीय यंत्राखालून सरकवला की ते बोलतात. परागकण सांगतात काठाला काय उगवत होतं. आणखी बारकावा कार्बनमध्ये आहे: झाडं हवेतला कार्बन एका रीतीने उचलतात, ज्वारी आणि उन्हाळी गवतं दुसऱ्या, त्यामुळे गवताच्या अंगात जड कार्बनचा वाटा किंचित जास्त असतो. पान कुजून चिखल झालं तरी हा फरक पुसला जात नाही. वय काढायला किरणोत्सारी कार्बन आहेच, जो दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. वरच्या थरांसाठी एक विचित्र मदत मिळते: 1963 च्या आसपासच्या थरात जगभर सीझियमचा चढ सापडतो, कारण त्याआधीची काही वर्षं बड्या देशांनी हवेत अणुबॉम्ब उडवून पाहिले होते. कुठल्याही तलावाला त्यातून सुटका नव्हती.

पण लोणारच्या गाळात मला सगळ्यात आवडतं ते एक स्फटिक. गेलुसाइट. सोडियम आणि कॅल्शियमचं कार्बोनेट, अंगात पाणी धरून ठेवणारं. ते एरवी होत नाही. तलाव आटत आटत खार पुरेसा दाट झाला तरच चिखलात जन्मतं. म्हणजे पाणी कमी झालं ही गोष्ट तिथे कोणाला लिहावी लागली नाही. पाणी जाताना जे उरलं त्याचाच दगड झाला.

नळीतल्या सगळ्या लांबीत हे स्फटिक सापडत नाहीत. ते दोन पट्ट्यांत सापडले, आणि याच आधारावर सुषमा प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली मध्य भारतातल्या दोन दीर्घ अवर्षणांची नोंद मांडली: एक सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचं, दुसरं सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचं. त्यांच्या कितीतरी खाली, साडेअकरा हजार वर्षांच्या सुमाराला, मोसमी पाऊस जोर धरल्याची खूण आहे. त्याच ओल्या काळात सहारात तलाव भरलेले होते आणि पाणघोडे डुंबत होते.

दुसऱ्या पट्ट्यापाशी थोडा वेळ बसू, कारण इथे मला अडखळायला होतं. 2,000 ते 600 वर्षांपूर्वी. चौदाशे वर्षांचं अवर्षण! याच काळात सातवाहन होते. रामटेकजवळच्या नंदिवर्धनात वाकाटकांची राजधानी होती, आजचं नगरधन. अजिंठ्यातली उत्तम चित्रं त्याच वाकाटकांच्या राज्यात रंगली. यादव आले, हेमाडपंती देवळं उभी राहिली, खुद्द लोणारात दैत्यसूदनाचं देऊळ कोरलं गेलं. लीळाचरित्रात लोणार येतं. माणसं शेतं कसत होती, भांडत होती, ओव्या म्हणत होती. मग कुठलं अवर्षण?

घाई करू नका, हा प्रश्न जरा तसाच राहू द्या. तलावाच्या भाषेतलं अवर्षण म्हणजे शतकानुशतकं येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारं पाणी थोडं जास्त. त्यात चांगली सालंही असतात, लागोपाठ दहा चांगली सालंही असू शकतात. गाळाच्या एका बोटात वीस वर्षं बसतात. त्यातल्या एका वर्षी कोणाच्या घरी धान्य संपलं हे गाळाला माहीत नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तो बखरींनी आणि लोकांच्या तोंडांनी राखला, चिखलाने नाही. आणि उलट बाजूने, चौदा शतकं पाऊस जरा कमीच पडतो आहे हे त्यांपैकी एकाही माणसाला कळलं नसेल. आजोबांना आठवत होतं तेवढंच पाणी नातवाला दिसत होतं. आपल्यालाही दुसरं काही दिसत नाही.

म्हणून मला पहिल्या पट्ट्याच्या बाबतीतली घाई पटत नाही. 4,600 ते 3,900 म्हटलं की लगेच सिंधू संस्कृतीचा ऱ्हास आठवतो. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या एका चुनखडी स्तंभात 4,200 वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाची खूण आहे, आणि 2018 साली भूशास्त्रज्ञांनी चालू युगाला तिच्यावरून मेघालयन असं नाव दिलं. तारखा जुळतात, मान्य. पण त्याच शतकांत प्रवरेकाठी दायमाबादला लोक नव्याने वस्ती करत होते. पाऊस कमी झाला म्हणजे सगळीकडे सगळं संपलं असं नाही. काही जण उठून दुसऱ्या नदीकाठी गेले. चिखल पाऊस सांगतो. माणसांनी काय केलं ते शोधायला खापरं उकरावी लागतात.

पेल्याकडे एकदा पाहा. वरचा बोटभर भाग थोडा निवळला असेल.

लोणारचं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं होतं, ते आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची माणसं नमुने न्यायला गेली, पुण्याच्या आघारकर संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. पाणी घटलं, खार वाढला, रंग चढला. पाऊस आला आणि रंग गेला. आपल्यासाठी ती मोठी बातमी होती. गाळात ती मिलिमीटरभरही नाही.

आता अजून खाली उतरायचं आहे, आणि त्यासाठी परत नागपूरला यावं लागतं. लोणारचं विवर ज्या बेसाल्टमध्ये पडलं तो लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पसरला. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. पण लाव्हा एका दमात आला नाही. एक थर थंड व्हायचा, त्यावर पाऊस पडायचा, खोलगटात पाणी साचायचं, झाडं उगवायची, आणि मग पुढचा थर येऊन सगळं झाकून टाकायचा. दोन लाव्हांच्या मधे अशी तळी दाबली गेली, गाळासकट.

स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी 1845 च्या सुमारास नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो टेकड्या धुंडाळायचा, आणि शहराच्या वायव्येला टाकळीजवळ त्याला काळ्या दगडांमधल्या पांढरट थरात इवल्या गोगलगायी सापडल्या. फायसा नावाच्या, गोड्या पाण्यातल्या. शिखर वर धरलं तर त्यांचं तोंड डाव्या हाताला उघडतं. अशा गोगलगायी उथळ, संथ पाण्यात राहतात. लाव्हा येण्याच्या मधल्या वेळात टाकळीचं पाणी किती खोल होतं, हे त्या शंखांवरून आजही अंदाजता येतं. नंतर बिरबल साहनींनी नागपूर-छिंदवाड्याच्या अशाच थरांतून गारगोटी झालेल्या वनस्पती अभ्यासल्या. त्यांत ॲझोलाही होती. आज विदर्भातला शेतकरी गाईसाठी टाक्यात वाढवतो तीच ॲझोला, निदान तिच्याच कुळातली.

हिस्लॉपला जमिनीत गाडलेलं पाणी वाचता यायचं. 4 सप्टेंबर 1863 ला तो टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं उत्खनन पाहून एकटा घोड्यावरून परत येत होता. बोरीजवळ पुराच्या पाण्याने फुगलेला ओढा ओलांडताना तो बुडाला. घोडा तेवढा परत आला.

इथे काही समजून घ्यायचं नाही. फक्त दोन्ही पाणी डोळ्यांसमोर ठेवा, टाकळीचं दगड झालेलं आणि बोरीच्या ओढ्यातलं.

वर येताना एक अडचणीची गोष्ट. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने बांधलेले, काहींना दोन-तीनशे वर्षं झालेली. त्यांत पाणी मावेनासं झालं आहे, कारण गाळ भरला आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत तो उपसून शेतात टाकतात, आणि ते बरोबरच आहे. धानाच्या बांधीला तो गाळ मिळतो, तलावाला खोली परत मिळते. ढिवराला मासा मिळतो. संशोधकाच्या नळीसाठी कोणी गावाला तहानलेलं ठेवू नये.

पण जेसीबी उतरण्याआधी एका कोपऱ्यात, जिथे पाणी सर्वांत शेवटी आटतं तिथे, प्लास्टिकचा एक पाइप हाताने दाबून चिखल काढून ठेवायला अर्धा दिवस लागतो. दोन्ही तोंडं बांधायची, वरची बाजू कोणती ते लिहायचं, गावाचं नाव, तारीख. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. मागितलं तर कोणीतरी ठेवून घेईल. त्या पाइपात कोहळ्यांनी बांध घातला तो दिवस असेल, पहिला धान असेल, जंगल तुटलं तो काळ असेल. एकदा शिवारात पसरलं की ते पुन्हा वाचता येणार नाही. ग्रामपंचायतीतल्या कोणी हे वाचत असेल तर येत्या उन्हाळ्यात एवढं करून पाहावं.

आता डोळे फुटाळ्याच्या पाण्यावर परत आणा. अंधार पडला आहे, पलीकडचे दिवे पाण्यात लांबट झाले आहेत. खाली गाळ बसतो आहे, अजूनही.

आणि खिडकीतला पेला उद्या सकाळपर्यंत तसाच राहू द्या. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी घासायला टाकेल.